वाचकांचे प्रश्न : शास्त्रज्ञाचे काम कशाने मोजावे?

विद्यापीठांच्या क्रमवारीवरील मागच्या अंकातील टिपणात ‘सायटेशन’, ‘एच-इंडेक्स’ आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या संज्ञांचा उल्लेख होता. त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. व्यवसाय आणि गाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न : दरवर्षी पावसाळा संपता संपता आमच्या भागातील एखाद्या प्राध्यापकांचे नाव ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’त आल्याची बातमी वाचायला मिळते. ही निवड स्टॅनफर्ड विद्यापीठ करते असे लिहिलेले असते. ती कशावरून होते आणि तिला किती महत्त्व द्यावे?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : ही निवड म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. त्या विद्यापीठातील प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून ही यादी प्रसिद्ध करीत आले आहेत आणि तिच्यासाठी लागणारी माहिती ते एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या ‘स्कोपस’ या संग्रहातून घेतात. यादीत येण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही, आणि कोणतीही समिती कोणाचे निबंध वाचून निर्णय देत नाही. सारे गणित सायटेशनवर चालते.

शोधनिबंध लिहिणारा ज्या आधीच्या कामाचा आधार घेतो किंवा ज्याचे खंडन करतो, त्याची संदर्भसूची तो निबंधाच्या शेवटी देतो. अशा एखाद्या सूचीत आपल्या निबंधाची नोंद झाली की आपल्याला एक सायटेशन मिळाले. या नोंदी एकत्र करण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली आणि पुढच्या दशकात त्यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. ही कल्पना त्यांना अमेरिकेतील वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून सुचली होती. एखादा निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला आणि कोणत्या निकालाने तो फिरवला, हे त्या सूचीत पाहता येत असे. म्हणजे मूळ हेतू एका निबंधावरून त्याच्या पुढच्या निबंधांपर्यंत पोहोचण्याचा होता. माणसांना गुण देण्यासाठी या साधनाचा वापर नंतर सुरू झाला, आणि आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदललेल्या वापरात आहे, असे माझे मत आहे.

दोन टक्क्यांच्या यादीत विज्ञानाची २२ क्षेत्रे आणि १७४ उपक्षेत्रे पाडलेली आहेत. प्रत्येकाची सहा अंगांनी मोजदाद होते : एकूण सायटेशन, एच-इंडेक्स (तो कसा काढतात, ते पुढच्या उत्तरात आहे), सहलेखकांत वाटणी करून काढलेला एच-इंडेक्स, आणि ज्या निबंधांत ती व्यक्ती एकटी लेखक आहे, एकटी किंवा पहिली आहे, एकटी, पहिली किंवा शेवटची आहे, अशा तीन गटांना मिळालेली सायटेशन. पहिल्या आणि शेवटच्या नावाला वेगळे स्थान देण्याचे कारण असे, की जीवशास्त्र-रसायनशास्त्रासारख्या विषयांत प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव सहसा पहिले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे असते. या सहांचा एकत्रित गुणांक काढून जगातील पहिले एक लाख संशोधक, शिवाय आपापल्या उपक्षेत्रात पहिल्या दोन टक्क्यांत बसणारे इतर, अशी नावे घेतली जातात. ती दोन लाखांच्या पुढे जातात.

बातमीत जे बहुधा सुटते ते हे, की याद्या दोन असतात. एक साऱ्या कारकिर्दीवर आधारलेली आणि दुसरी केवळ एका वर्षात मिळालेल्या सायटेशनवर. तीस वर्षांच्या कामातून पहिल्या यादीत येणे आणि एखाद्या गाजत असलेल्या विषयावर लिहून एका वर्षापुरते दुसऱ्या यादीत येणे, यांत फार अंतर आहे. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळल्यावर क्रमांक किती खाली जातो, हेही त्याच तक्त्यात दिलेले असते. तक्ता कोणालाही विनामूल्य उघडता येतो. तेव्हा बातमी वाचल्यावर नाव कोणत्या यादीत आहे आणि स्वतःची सायटेशन वगळल्यावर काय उरते, एवढे जरी आपण पाहिले तरी बातमीचे खरे वजन कळेल.

यादीत नाव येणे क्षुल्लक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. एखाद्याचे काम शेकडो लोकांनी वापरले, ही मोलाचीच गोष्ट आहे. पण वापर झाला एवढेच आकडा सांगतो. तो का झाला, हे सांगत नाही. जगात सर्वाधिक सायटेशन मिळवणारा निबंध ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा आहे. द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत त्यात दिली आहे. प्रयोगशाळेत ही रीत वापरणारा प्रत्येक जण तिचा उल्लेख करीत गेला आणि सायटेशन तीन लाखांच्या पुढे गेली. हा निबंध थोर नाही, हे लोरी स्वतःही मानत. दुसऱ्या टोकाचे उदाहरण अँड्र्यू वेकफिल्ड यांचे. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा त्यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, त्यालाही सायटेशन भरपूर आहेत, कारण तो चुकीचा कसा आहे हे दाखवणाऱ्यांनाही त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच.

प्रश्न : मी गणितात पीएच.डी. करतो. माझा एच-इंडेक्स ३ आहे आणि माझ्याबरोबरच नोंदणी केलेल्या रसायनशास्त्रातील मैत्रिणीचा ११. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत याच आकड्यावरून माझी तुलना होईल, अशी धास्ती वाटते. शिवाय गुगल स्कॉलरवर माझा आकडा ५ दिसतो. खरा कोणता?
— संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपण दोघांची तुलना या आकड्यावरून करणे चुकीचे ठरेल, आणि मुलाखतीत तशी झालीच तर ते नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

एच-इंडेक्स ही कल्पना कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली मांडली. समजा, एका संशोधकाच्या दहा निबंधांना उतरत्या क्रमाने ४८, ३०, १९, ११, ९, ६, ६, २, १ आणि ० अशी सायटेशन मिळाली आहेत. आता वरून मोजत यावे. सहाव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, म्हणजे किमान ६ सायटेशन असलेले सहा निबंध झाले. सातव्यालाही ६ च आहेत, तिथे ७ हवी होती. म्हणून एच-इंडेक्स ६. पहिल्या निबंधाची ४८ सायटेशन उद्या ४,८०० झाली, तरी आकडा ६ च राहील. ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले त्याचा एच-इंडेक्स, ते कितीही मोलाचे असले तरी, ३ च्या वर जाऊ शकत नाही. आणि हा आकडा कधी कमी होत नाही. संशोधन थांबवल्यावरही जुन्या निबंधांच्या जोरावर तो वाढत राहतो. त्यामुळे तरुणाची ज्येष्ठाशी तुलना करण्यास तो मुळातच निकामी आहे.

विषयांचे तर विचारूच नये. गणितात निबंध कमी निघतात, संदर्भसूची आखूड असते, निबंध छापून यायला वेळ लागतो आणि एखाद्या उपशाखेत जगभर मोजकेच लोक काम करीत असतात. रसायनशास्त्रात मोठे गट वर्षाला अनेक निबंध काढतात आणि प्रत्येकाच्या सूचीत पन्नास-साठ संदर्भ सहज असतात. गणितातले आकडे इतके लहान असतात की थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना सायटेशन दिली तरी चित्र पालटते. म्हणूनच ‘क्लॅरिव्हेट’ या कंपनीने आपल्या सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या संशोधकांच्या यादीतून २०२३ साली गणित हा विषयच वगळला.

आपल्या दुसऱ्या शंकेविषयी : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांचे मोजमापाचे क्षेत्र वेगळे आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकेच धरतात. गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांचे वृत्तांत, छपाईपूर्व मसुदे, पुस्तके असे जे जालावर सापडेल ते धरते. त्याचा फायदा भारतीय भाषांतील आणि सामाजिक शास्त्रांतील अभ्यासकांना होतो, कारण त्यांचे बरेचसे काम पहिल्या दोन संग्रहांत येतच नाही. मात्र तिथे गाळणी विरळ आहे. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी २०१० साली आयक अँटकेअर नावाचा एक संशोधक कल्पून संगणकाकडून त्याच्या नावाने शंभराच्या आसपास निरर्थक निबंध तयार करवले आणि ते एकमेकांचा संदर्भ देतील असे केले. अस्तित्वातच नसलेल्या या माणसाचा गुगल स्कॉलरवरील एच-इंडेक्स ९४ झाला होता. आकडा देताना तो कोणत्या संग्रहातला आणि कोणत्या तारखेचा, हे नेहमी लिहावे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा लायगो-इंडिया प्रकल्प होत आहे. गुरुत्वीय लहरींच्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावे होती, असे वाचले. एवढ्या लोकांत कोणी काय केले, हे कसे कळणार? आणि प्रत्येकाला पूर्ण श्रेय मिळते का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांत ती लहर, म्हणजे अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याची अतिसूक्ष्म थरथर, नोंदली गेली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी निबंध प्रसिद्ध झाला. त्यावरची नावे आडनावाच्या वर्णक्रमाने आहेत. त्यामुळे पहिले नाव कोणाचे यावरून काहीच ठरत नाही. त्याहून मोठे उदाहरण २०१५ चे आहे. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानाविषयी युरोपातील सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतील दोन प्रयोगगटांनी मिळून लिहिलेल्या निबंधावर ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी विज्ञान नऊ पानांत होते आणि उरलेली २४ पाने लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरली होती. त्या दोन गटांपैकी सीएमएस या गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे.

साध्या मोजणीत या निबंधाचे प्रत्येक सायटेशन पाच हजारांहून अधिक लोकांच्या खात्यावर पूर्ण जमा होते. वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला एका सायटेशनचा ५,१५४ वा भाग येतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पहिल्या रीतीत मोठ्या गटात असलेला माणूस उगाच उंच दिसतो. दुसऱ्या रीतीत ज्याने शोधक यंत्राच्या उभारणीत वर्षानुवर्षे घालवली, त्याचे काम नाहीसे होते. माझ्या मते येथे कोणतीही वाटणी न्याय्य होणार नाही. माणसाने नेमके काय केले, हेच विचारावे लागेल.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर यांचे उदाहरण घ्या. गुरुत्वीय लहर इतकी क्षीण असते की ती यंत्राच्या गोंगाटात बुडून जाते. ढोल-ताशांच्या गजरात दूरवरची सनई ऐकायची झाली तर तिची चाल आधी ठाऊक असावी लागते, तसे येथे करतात : दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना लहरीचा आकार कसा असेल, याचे गणिताने अनेक नमुने आधीच तयार ठेवायचे आणि गोंगाटाशी एकेक ताडून पाहायचा. किती नमुने लागतील, ते किती जवळजवळ घ्यावेत, हे धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मधील निबंधात मांडले. त्या वेळी लायगोच्या वेधशाळा उभ्याही राहिलेल्या नव्हत्या. दोन लेखकांच्या त्या निबंधाला हजार लेखकांच्या निबंधापेक्षा सायटेशन कमीच असणार. पण धुरंधर यांचे स्वतःचे योगदान समजून घ्यायचे तर तोच निबंध उघडावा लागतो.

सहकार्य मोजण्याचे आणखीही एक अंग आहे, ते म्हणजे कोण कोणाबरोबर लिहितो याचे जाळे काढणे. हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डॉश यांनी पाचशेहून अधिक लोकांबरोबर निबंध लिहिले आणि त्यांच्यापासून आपण सहलेखनाच्या किती पायऱ्या दूर आहोत, हे गणिती मंडळी कौतुकाने मोजतात. गंभीर कामासाठीही जाळे उपयोगी पडते. दोन वेगळ्या विषयांच्या गटांना जोडणारा एकच माणूस असेल तर तो जाळ्यात चटकन दिसतो, आणि तेच चार-पाच लोक वर्षानुवर्षे एकमेकांनाच सायटेशन देत असतील तर तेही दिसते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात निबंध कोणाचाही असला तरी विभागप्रमुखांचे नाव घालण्याची प्रथा आहे. पदोन्नतीच्या गुणांसाठी सगळेच एकमेकांची नावे घालतात. हे नियमात बसते का? शिवाय निबंध कोणत्याही नियतकालिकात छापून आणतात, त्यांच्या दर्जाचे काय?
— सहायक प्राध्यापिका, परभणी

उत्तर : नियमात बसत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामाची आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचा अर्थ लावणे यांत भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सा करण्यात सहभाग; अंतिम मजकुराला संमती; आणि निबंधाच्या सच्चेपणाची जबाबदारी. खुर्चीचा मान म्हणून नाव घालणे यांपैकी कशातच येत नाही. अनेक नियतकालिके आता प्रत्येक लेखकाने काय केले, हे चौदा ठरावीक भूमिकांच्या सूचीतून निवडून लिहायला सांगतात. आपण विभागात तो तक्ता पुढे ठेवावा आणि निबंध लिहायला घेण्यापूर्वीच भरावा, असे सुचवतो. कोणावर आरोप न करता विषय काढायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

पण ही प्रथा केवळ माणसांच्या स्वभावातून आलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दोन लेखक असल्यास प्रत्येकाला निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के गुण आहेत. दोनाहून अधिक असल्यास मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. हिशेब करून पाहा. एकट्याने लिहिलेल्या निबंधाचे मिळून १०० टक्के गुण, दोघांचे १४०, आणि पाच जणांचे ७० अधिक चार वेळा ३०, म्हणजे १९०. तिसऱ्याच्या पुढे कितीही नावे वाढवली तरी मुख्य लेखकाचा एकही गुण कमी होत नाही. नाव घालू न देणाऱ्याला काही लाभ नाही आणि घालू देणाऱ्याला काही तोटा नाही, अशी ही रचना आहे. ती बदलल्याशिवाय नुसत्या उपदेशाने फरक पडेल असे मला वाटत नाही.

नियतकालिकांच्या दर्जाविषयीही आपण लिहिले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले, की आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्यांत ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. त्यानंतर २०१९ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकण्यात आली. तेव्हा आता ग्रंथपालांना या कामात सोबत घ्यावे. इम्पॅक्ट फॅक्टर पाहताना तो नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी असतो, आपल्या एका निबंधाविषयी तो काही सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : देवळालीचे द. रा. कापरेकर यांना आज सायटेशनच्या मापाने मोजले असते तर काय झाले असते?
— माध्यमिक शिक्षक, नाशिक

उत्तर : त्यांना कोणत्याही यादीत स्थान मिळाले नसते. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांवर काम केले आणि ते बरेचसे छोट्या, अल्पपरिचित नियतकालिकांत छापले. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले, की शेवटी हीच संख्या येते) ओळख जगाला झाली ती १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून. आज तो शाळकरी मुलेही कागदावर करून पाहतात, आणि कोणी संदर्भसूची देत नाही. नाव एवढे रुळले की सायटेशन थांबतात. रामन परिणामाचा वापर करणारे किती जण आज १९२८ चा मूळ निबंध सूचीत घालतात?

मात्र याच मापाने एका भारतीयाला न्याय मिळवून देण्यासही मदत केली. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू सोडले, तेव्हा त्यात पाणी साचले. पुढे जंतू गाळून काढून केवळ उरलेला द्रव सोडला, तरी तसेच पाणी साचले. याचा अर्थ पटकीत शरीरातले पाणी काढून घेणारे विष जंतूंनी सोडलेले असते. १९५९ साली ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि बराच काळ त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. डे १९८५ मध्ये गेले, तोवर देशात त्यांची म्हणावी तशी दखल घेतली गेली नव्हती. १९८६ साली खुद्द गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा सायटेशन-नकाशा काढून त्यात डे यांचे काम कुठे आहे, हे जगापुढे ठेवले. नकाशा काढण्यापूर्वी त्यांनी ते संशोधन समजून घेतले होते, म्हणून आकड्यांना अर्थ आला.

प्रश्न : लग्नाआधीचे माझे पाच निबंध माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. स्कोपसवर माझी दोन वेगवेगळी माणसे दिसतात, आणि एकीच्या खात्यात तर दुसऱ्याच कोणा एस. एस. पाटील यांचे निबंध आहेत. काय करावे?
— प्राध्यापिका, जळगाव

उत्तर : ही अडचण आपल्याकडे फार आढळते, कारण आद्याक्षरे आणि आडनाव यांवरून पाटील, जोशी, कुलकर्णी वेगळे काढणे संगणकाला जमत नाही. आधी ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक घ्या. तो विनामूल्य आहे आणि नाव बदलले तरी बदलत नाही. दोन्ही नावांनी लिहिलेले सगळे निबंध त्याला जोडा. मग स्कोपसवरील लेखक-दुरुस्तीच्या अर्जातून दोन्ही नोंदी एक करण्याची आणि दुसऱ्यांचे निबंध वगळण्याची विनंती करा. परके निबंध वगळल्यावर आपला आकडा कदाचित कमी होईल, तरी ते करावेच, कारण ते निबंध ज्यांचे आहेत त्यांच्या खात्यातून आज ते गायब आहेत. यापुढच्या प्रत्येक निबंधावर पूर्ण नाव एकाच पद्धतीने लिहावे आणि निबंध पाठवताना ऑर्किड क्रमांक द्यावा.